भिंतीवरच्या पट्ट्या

थोरल्यानं भिंतीवर खिळे ठोकून ठेवले होते, पण मापाच्या पट्ट्या काही नीट बसेनात.

बसेनात म्हणजे डोळ्याला बसेनात. सगळ्यांत वर पणजोबांची, तिच्याखाली आजोबांची, मग वडलांची, म्हणजे अण्णांची, आणि सगळ्यांत खाली त्याची स्वतःची आणि धाकट्याची, शेजारी शेजारी. डावीकडची टोकं एका रेषेत धरली की उजवीकडे जिन्यासारखं उतरत जायला हवं होतं. पहिली पायरी ठीक होती, शेवटचीही ठीक होती. आजोबा आणि अण्णा यांच्यामध्ये मात्र जिना दुप्पट उडी मारत होता.

"अण्णांनी करवत दोनदा चालवली असेल," धाकटा स्टुलावर उभा राहून म्हणाला. "पोरवय होतं. हात थरथरला असेल."

"अण्णांचा हात? तोंड सांभाळून बोल."

"बरं बाबा, नाही थरथरला. मग तूच सांग."

थोरल्याला सांगता येत नव्हतं, म्हणून तो खिळा उपटून दुसरीकडे ठोकू लागला.

हे पट्ट्यांचं प्रकरण बाहेरच्याला सांगायला गेलं की तो हसतो, आणि हसण्यासारखंच आहे ते. या घरात सुतारकाम शिकणाऱ्याला विकतची फूटपट्टी देत नाहीत. जो शिकवतो तो आपली स्वतःची पट्टी माळ्यावरच्या काळ्या फळीवर ठेवतो, टोकाशी रेघ मारतो आणि रेघेच्या आतून कापतो. बाहेरून कापावं हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण पणजोबांनी आतून कापलं, म्हणून आजोबांनीही आतून कापलं, आणि पुढे ते चूक आहे असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. करवत आपल्या जाडीएवढं लाकूड खाऊन टाकते. त्यामुळे या घरातला प्रत्येक शिष्य गुरूपेक्षा करवतीच्या पात्याएवढा आखूड. वस्तूचे सगळे तुकडे एकाच पट्टीनं मोजलेले, म्हणून दार चौकटीत चपखल बसतं आणि खुर्ची डुगडुगत नाही. फक्त विकतची गादी इथल्या पलंगावर कधी मावली नाही. नवी सून पहिल्याच आठवड्यात विचारते, ही गादी अशी लोंबते का? तिला सांगतात, गादीवाल्याचं माप चुकलंय.

बाहेरून आलेल्या कारागिराला ही पट्टी मिळत नसे. तो आपला टेप वापरी आणि दिवसभर शिव्या खाई. पट्टी म्हणजे घरचं रक्त, असं आजोबा म्हणत. अण्णांपासून पुढच्या सगळ्या पट्ट्यांचा एक कोपरा जरा तिरका उतरलेला होता. आजोबांच्या पट्टीला तसं काही नव्हतं. त्या तिरक्या कोपऱ्याला घरात 'अण्णांची खोड' म्हणत, आणि थोरला कळत्या वयात पहिली गोष्ट कुठली शिकला असेल, तर तो कोपरा घासून सरळ करायचा नाही ही.

नव्या शोरूमची ही मुख्य भिंत. पट्ट्यांच्या वर लावायची पाटी कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. 'चार पिढ्या. बापाकडून मुलाकडे.' त्या पाटीपायी थोरल्यानं वर्षभर आडनावाचा पिच्छा पुरवला होता. कुठल्याही पाटीवर, बिलावर, लग्नाच्या पत्रिकेवर आपलं आडनाव दिसलं की हा निघालाच. त्यांच्या घरी जायचा, चहा घ्यायचा आणि बोलता बोलता ओणवा होऊन त्यांच्या टेबलाखाली डोकावायचा. आपल्या पट्टीचं काम आहे का ते बघायला. एके ठिकाणी घरातल्या कुत्र्यानं त्याची चोरासारखी गत केली होती.

"जन्मभर शेजाऱ्याला 'कसं काय' विचारलं नाही ह्यांनी," वहिनी म्हणायची, "आणि आता आडनावासाठी परक्यांच्या खुर्च्या उलट्या करतायत."

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. अण्णांचं पथ्यपाणी, दुकानाची किल्ली आणि नवऱ्याचा पारा ही तिन्ही खाती तिच्याकडे.

दारातल्या बाईला प्रथम तिनंच ओळखलं. पन्नाशीची, पांढऱ्या बुटातली, खांद्याला कापडी पिशवी. अण्णा पाय मोडून हॉस्पिटलात होते तेव्हा ड्रेसिंग करायला यायची ती नर्स.

"नर्सबाई, तुम्ही? या ना आत. अण्णा बरे आहेत आता, म्हणजे आहेत तसे."

"अण्णांबद्दलच आलेय." नर्स आत आली, पण खुर्चीवर टेकली नाही. "मी तिथंच बोलायला हवं होतं, धीर झाला नाही. त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी तुमचं आडनाव लिहिलं होतं. माझ्या आईचं माहेरचं आडनाव तेच आहे."

झालं. थोरल्याच्या हातातली हातोडी खाली गेली आणि चेहरा उजळला. त्यानं स्वतः खुर्ची ओढली.

"बसा, बसा. अहो, मी याच्याच मागे आहे. कुठली तुमची मंडळी? वरच्या गल्लीतली, की लाकूड वखारवाली? त्यांच्यात आणि आमच्यात तीन पिढ्यांचं अंतर आहे, मी हिशेब लावलाय."

"हीच," नर्स म्हणाली. "हेच घर. अण्णा आईचे धाकटे भाऊ."

स्टुलावरचा धाकटा हळूच खाली उतरला.

"अण्णांना बहीण नाही," थोरला म्हणाला.

"आहे. कोपऱ्यावर टॅक्सीत बसलीय."

थोरल्यानं ओढलेली खुर्ची तशीच रिकामी राहिली. त्याचा आवाज आता गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणतानाचा झाला. "हे बघा बाई, तुमचं आडनाव आमच्यात कुठंच नाही. मी सगळे धागे तपासलेत. चूक होतेय तुमची. अशी चूक होते माणसाची."

"माझं आडनाव वडलांचं आहे, ते कसं असेल तुमच्यात?"

"माझं तरी कुठं होतं?" वहिनी पुटपुटली. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं.

नर्सनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली आणि टेबलावर उलगडली. काळ्या लाकडाची पट्टी होती. वर्षानुवर्षं बोटं फिरून तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, आणि एका टोकाचा कोपरा उडालेला होता.

"आईनं दिलीय. म्हणाली, माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, हिच्यावर ठेवतील."

थोरल्यानं हात लावला नाही. "कारागीर येतात, जातात. जाताना काहीबाही उचलूनही नेतात. शोरूम निघणार हे गावभर झालंय. आता नातेवाईक उगवायचेच."

नर्सच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वॉर्डात तिनं याहून वाईट ऐकलं होतं, पण तिथं ती कुणाची कुणी नव्हती. "दादा, मला तुमचं लाकूडही नको आणि दुकानही नको. मला पेन्शन बसेल. आईचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय. तिला भावाला एकदा बघायचंय, बस. बापानं तिला सांगितलं होतं, घरातल्यानं बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. बाप गेला तरी तिनं ते पाळलं. आजही म्हणते, भावानं बोलावलं तर उतरेन, नाहीतर घर बाहेरून बघितलं असं म्हणून परत फिरेन."

"मग फिरू द्या," थोरला म्हणाला.

हे बोलल्यावर त्याला स्वतःलाच कसंसं झालं. पण बोललेलं परत घ्यायची सवय या घरातल्या पुरुषांना नव्हतीच.

वहिनीनं त्याला बाजूला, फळ्यांच्या थप्पीमागे नेलं. गेले कित्येक महिने पोटात ठेवलेली गोष्ट तिला आता सांगायलाच हवी होती.

"अण्णा झोपेत बोलतात."

"म्हातारं माणूस बडबडतंच."

"एकच बोलतात. 'ताई, धर गं. ताई, घट्ट धर.' मी त्यांच्या उशाशी बसते, तुम्ही नाही. मला वाटायचं, तापातलं असेल. पण या घरात ताई म्हणावं अशी आहे कोण, सांगा बघू?"

उत्तर धाकट्यानं दिलं. तो मागून आला होता, आणि एरवी प्रत्येक गोष्टीवर पाचकळ विनोद करणारा हा गडी आज भलताच करडा झाला होता. "वहिनी, मला विचाराल तर नको. बाई खरी असेल, नाही असं मी म्हणत नाही. पण खरी असेल तर जास्तच नको. अण्णांना आत्ता धक्का बसला आणि काही झालं, तर कुणाला विचारायचं आपण? मला ते हवेत. सकाळी माझ्या रंध्याचा आवाज ऐकून आतून ओरडतात ना, 'दाबतोस किती', तेवढंच हवंय मला."

त्याचे डोळे भरले होते. वहिनीला त्याचा राग आला नाही, दयाच आली. "भाऊजी, तुम्हाला अण्णा हवेत, मान्य. अण्णांना काय हवंय ते कुणी विचारलंय का त्यांना? इतकी वर्षं?"

"आजोबांचा शब्द—" थोरल्यानं सुरुवात केली.

"आजोबा गेले. मी त्यांना बघितलंही नाही, आणि तरी त्यांच्या शब्दाची लोंबती गादी रोज मीच नीट करते."

थोरला तिथून निघाला तो थेट टेबलाकडे. त्याला वाद मिटवायचा होता आणि तो एकाच रीतीनं मिटत होता. बाईच्या डोळ्यांदेखत मोजून दाखवायचं, की ही पट्टी आमची नाही. चोरून नक्कल केलेली असेल, तर भिंतीवरच्या कुठल्यातरी पट्टीएवढीच भरेल. बाजारातली असेल, तर पूर्ण फूट भरेल. दोन्हीकडून बाई खोटी ठरणार होती. त्यानं भिंतीवरच्या पट्ट्या उतरवल्या, रंधून सपाट केलेल्या फळीवर मांडल्या आणि डावीकडची टोकं काटकोनी पट्टीला भिडवली. मग नर्सची पट्टी उचलली. हातात घेतल्याबरोबर लाकूड कळलं. माळ्यावरच्या फळीचंच होतं, ती फळी त्यानं लहानपणापासून हाताळली होती.

आजोबांच्या पट्टीला ती लावली. करवतीच्या पात्याएवढी आखूड निघाली.

अण्णांच्या पट्टीला लावली. करवतीच्या पात्याएवढी लांब निघाली.

त्यानं ती दोघांच्या मध्ये सरकवली, आणि सकाळपासून छळणारा जिना एका दमात सरळ उतरला.

थोरला ओणवाच राहिला. कोपरा त्यानं सगळ्यांत शेवटी पाहिला, कारण पाहायची भीती वाटत होती. बाईच्या पट्टीचा कोपरा पडून उडाला होता, लाकडाचे तंतू अजून तुटलेले दिसत होते. अण्णांच्या पट्टीचा तोच कोपरा, तितकाच, त्याच तिरक्या रेषेत. पण तिथं तंतू तुटलेले नव्हते, करवतीनं स्वच्छ कापलेले होते. उडालेल्या कोपऱ्याभोवती पेन्सिल फिरली होती आणि कापणाऱ्यानं तीच रेघ इमानानं कापली होती. मग ती थोरल्याच्या पट्टीत आली, धाकट्याच्या पट्टीत आली.

इथं एखाद्यानं पट्ट्या गोळा करून कपाटात घातल्या असत्या. थोरला अहंकारी होता, शब्दाला चिकटणारा होता, आडनावाच्या बाबतीत तर अर्धवटच होता; पण समोर मापात दिसत असलेलं लाकूड त्यानं आजवर कधी नाकारलं नव्हतं.

"आजोबांनी ही यांच्या आईला कापून दिली," तो म्हणाला. "अण्णांना आजोबांनी नाही दिली. अण्णांना तिनं दिली."

"म्हणजे?" धाकट्यानं विचारलं.

"म्हणजे अण्णांना तिनं शिकवलं. आणि अण्णांनी आपल्याला."

नर्स खुर्चीवर बसली. आईनं तिला फक्त पट्टी दिली होती, हे सांगितलं नव्हतं.

अण्णांची खोली कारखान्याच्या मागे होती. आवाज यावा म्हणून त्यांनीच मागून घेतलेली. थोरला एकटाच आत गेला, बाकीचे दारात थांबले. अण्णा उताणे पडून छताकडे बघत होते. त्यानं पट्टी त्यांच्या हातात ठेवली.

अण्णांचा अंगठा कडेवरून सरकत टोकाला गेला आणि उडालेल्या कोपऱ्यात जाऊन थांबला.

"कुठं आहे ती?"

कोण, काय, कसली पट्टी, असलं काही नाही. थोरल्याला वाटलं होतं, निदान आधी नाकारतील.

"बाहेर. तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणते."

"हा कोपरा माझ्याकडनं उडाला," अण्णा म्हणाले. "जिन्यावरनं पाडली मी. बाबांना तिनं सांगितलं, माझ्या हातून पडली. मार तिनं खाल्ला. नंतर माझी पट्टी कापताना मी म्हटलं, कोपरा सरळ कर. तर म्हणाली, राहू दे, आठवण राहील तुझ्या वेंधळेपणाची."

"आम्हाला सांगितलंत आजोबांनी शिकवलं म्हणून."

"त्यांचे डोळे गेले होते रे तेव्हा. खुर्चीत बसून नुसते आवाज ऐकायचे. सगळं काम तिच्या हातचं आणि नाव त्यांचं. मग घर रंगवायला रंगारी आला आणि ती त्याच्याबरोबर गेली. बाबा म्हणाले, या घरात मुलगी झालीच नाही. मी मान हलवली. तेव्हा लहान होतो. मोठा झालो, बाबा गेले, तुम्ही झालात, तरी मान ती तशीच हलत राहिली. लाज वाटायची. जितकी वर्षं जास्त, तितकी लाज जास्त."

थोरल्याला बापाचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि पाठोपाठ इतकं वाईट वाटलं की तो पलंगाच्या कडेवर बसला. "बोलावू ना तिला? तुम्ही नुसतं हो म्हणा. मी स्वतः जाऊन घेऊन येतो."

अण्णांनी मान हलवली. या वेळी नकारार्थी.

"मी कोण तिला बोलावणारा? उभ्या जन्मात बोलावलं नाही, आणि आता खाटेवर पडून हुकूम सोडू, ये म्हणून? तिनं उंबरे ओलांडत इथवर यायचं, आणि मी पडून बघायचं? उठव मला."

"अण्णा, डॉक्टरांनी—" दारातून धाकटा म्हणाला.

"डॉक्टरांना सांग, बहिणीकडे गेलाय. उचला."

खुर्ची आणली. उचलताना गोंधळच झाला. थोरल्यानं पुढून धरली, धाकट्यानं मागून, आणि दोघं एकाच वेळी वळले. तेव्हा नर्सनं वॉर्डातल्या आवाजात सूत्रं हाती घेतली. "तुम्ही पाय धरा. तुम्ही पाठीशी. मान मोकळी ठेवा. वहिनी, दार." सगळ्यांनी मुकाट्यानं ऐकलं. कारखान्यातून, फळ्यांच्या थप्पीजवळून, नव्या शोरूममधून वरात बाहेर पडली. धाकटा रडत होता आणि रडता रडता पावलं जुळवत होता. अण्णा भिंतीकडे बघत नव्हते, सरळ दाराकडे बघत होते.

कोपऱ्यावर टॅक्सीच्या मागच्या सीटवर म्हातारी बसून होती. ड्रायव्हरनं सीट मागे पाडून डोळे मिटले होते. तिची नजर घरावर होती. वरच्या मजल्याची खिडकी बदलली होती, समोरचं दार बदललं होतं, ओळखीचं असं काही फारसं उरलं नव्हतं. लेक गेली त्याला बराच वेळ झाला होता. आता ती एकटीच बाहेर येईल, तोंड पाडून, आणि तिची समजूत आपल्यालाच घालावी लागेल, असं म्हणून म्हातारीनं दोन वाक्यं जुळवूनही ठेवली होती.

दारातून आधी एका माणसाची पाठ बाहेर आली. मग खुर्चीचे पाय. मग खुर्चीत कुणीतरी, ब्लँकेटात गुंडाळलेलं. तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. तोवर खुर्ची रस्ता ओलांडून टॅक्सीच्या खिडकीशी आली होती.

थोरल्यानं दार उघडलं. "आत्या," तो म्हणाला, आणि हा शब्द तोंडात पहिल्यांदाच आल्यामुळे पुढे काही बोलता येईना.

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती खुर्चीकडे बघत होती.

"किती वाळलास रे," ती म्हणाली.

"तू तरी कुठं धडधाकट आहेस," अण्णा म्हणाले.

"बोलवायला आलास?"

"नाही, ताई. बोलवायचं तोंड नाही मला. नुसता आलोय."

म्हातारीनं मांडीवरची पर्स पायाशी ठेवली, एका हातानं पुढची सीट धरली आणि हळूहळू, दम खात, पलीकडच्या खिडकीकडे सरकली.

"मग उन्हात काय बसलायस? ये आत."

दोघा मुलांनी अण्णांना उचलून तिच्या शेजारी बसवलं. त्यांना वजनच नव्हतं. तिनं ब्लँकेट त्यांच्या गुडघ्यांवर नीट केलं आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. गाडी हलल्यानं ड्रायव्हरला जाग आली. त्यानं सीट सरळ केली, आरशात पाहिलं आणि किल्लीला हात घातला.

"निघायचं का, आजी?"

"थांब जरा," ती म्हणाली. "माझा भाऊ आलाय."